दुसऱ्यांची पार्सलं

माझं लग्न जमलं ते एका तोरणामुळे. मुरबाडला आमच्या घराच्या दारावर मी क्रोशाने विणलेलं तोरण होतं, पांढऱ्या दोऱ्याचं, खाली निळे मणी लावलेलं. शहापूरची मंडळी मला बघायला आली तेव्हा माझे होणारे सासरे चपला काढून दारातच थांबले. तोरणाची कड बोटांत धरून ते टाके बघत राहिले. आत सगळे बसले होते, चहा निवत होता, आणि हे बाहेरच.

आत आल्यावर त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या.

"ह्ये तू केलंस?"

"हो."

"दुसऱ्या बायकांना शिकवता येल?"

"येईल की," मी म्हटलं.

भाकरी येते का, शेतात जातेस का, असलं काही कुणी विचारलं नाही. हस्तकला शिक्षिकेचा कोर्स करून मी घरी बसले होते, शाळेतल्या नोकरीची वाट बघत. माझ्या हातातल्या कलेला कुणीतरी किंमत देतंय याचा मला इतका आनंद झाला, की त्या प्रश्नामागे काय आहे ते विचारायचं सुचलंच नाही.

सासरे कसाऱ्याला रेल्वेत होते आणि निवृत्तीला आले होते. त्यांना मी मामा म्हणायचे. शहापुरात बाजारपेठेच्या टोकाला त्यांनी घर बांधलं होतं आणि त्याच्या पुढच्या खोलीत त्यांना दुकान काढायचं होतं. किराण्याचं, कापडाचं, चपलांचं दुकान गावात होतंच. भरतकामाचं सामान मात्र कुठेच मिळत नव्हतं. रेशमाची एक लडी संपली तरी बायकांना कल्याण गाठावं लागायचं. हे मामांनी हेरलं होतं. शिवाय आमच्या बौद्ध वस्तीतले सगळे नोकरीवर नाहीतर मजुरीवर जाणारे, बाजारपेठेत दुकान असं कुणाचंच नव्हतं. दुकान उघडलं त्या दिवशी विहारातल्या बायका नव्या साड्या नेसून आल्या आणि कुणी काही घेतलं नाही तरी बराच वेळ काउंटरला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडी ते पहिल्या दिवसापासून 'आपलं दुकान' होतं.

नव्वद सालानंतरची ती पहिली काही वर्षं. रुखवताचे दिवस आले की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. खर्डीहून, किन्हवलीहून, उंबरमाळीच्या पाड्यांवरून मुली आयांना घेऊन यायच्या. कुणाला मॅटीच्या कापडावर मोर हवा असायचा, कुणाला लोकरीचं कुत्र्याचं पिल्लू, कुणाला तारेवर ताणलेल्या स्टॉकिंगची फुलं. दुपारी काउंटरच्या पुढे चटई टाकून मी शिकवायचे. साखळी टाका, गाठीचा टाका, काश्मिरी टाका. बायका हसायच्या, चुकायच्या, उसवायच्या. मामा आठवड्याला मुंबईला जाऊन भुलेश्वरातून माल आणायचे आणि प्रत्येक लडी उजेडात धरून माझ्या हातात द्यायचे.

"मामा, एकदा मी पण येते. रंग मला कळतील," मी म्हटलं होतं.

"तू आलीस तर दुकानात बसल कोन?" ते म्हणाले. रागाने नाही, खरंच प्रश्न पडल्यासारखं.

तोच प्रश्न मग सगळीकडे यायला लागला. माहेरी भावाच्या मुलाचा वाढदिवस, नणंदेकडे बारसं, विहारातली सहल. काउंटर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होता. घरात जायचं दारही काउंटरच्या पुढच्या अंगाला होतं, त्यामुळे एका बाजूची फळी उचलल्याशिवाय ना रस्त्यावर जाता यायचं, ना घरात. मी सकाळी फळी उचलून आत जायचे ती दुपारचं जेवणसुद्धा तिथेच, दोऱ्याच्या खोक्यांवर ताट ठेवून. समोर एका सायकल दुकानाची भिंत होती. तिच्यावरचा गिलावा कुठे कुठे पडलाय ते मी अजूनही सांगू शकेन.

आणि मला वाटलं होतं की निदान हातातलं काम तरी माझं राहील. तेही राहिलं नाही. मी जे विणेन, भरेन ते नमुना म्हणून दोरीला टांगलं जायचं. एक चादर मी आमच्या दोघांसाठी भरायला घेतली होती, चारही कोपऱ्यांत पळसाची फुलं. अर्धी झाली असताना एका गिऱ्हाइकाला आवडली. मामांनी विचारलं, "देऊया का?" मी हो म्हटलं. नाही कशासाठी म्हणायचं ते मला सांगता आलं नसतं. त्यानंतर मी स्वतःसाठी काही करायला घेतलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर आमच्या नेहमीच्या. ड्युटीवरून परत जाताना यायच्या, निवांत रंग निवडायच्या. एक दिवस त्या आल्या आणि त्यांनी पर्समधून एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढली. बायकांच्या मासिकातलं कूपन कापून पाठवलं की ती घरी येते म्हणाल्या. दिल्लीकडची कुठलीशी कंपनी होती. आत रंगीत फोटो, एका डब्यात सगळं सामान: कापडावर छापलेलं चित्र, लागतील तेवढेच धागे, सुई, रिंग. आपण फक्त टाके घालायचे.

"बघा ना, किती सोपं. छाप काढायचं झंझट नाही," त्या म्हणाल्या.

मी पानं उलटली. आमच्याकडे कधीच न आलेले रंग होते त्यात. कच्च्या कैरीच्या सालीचा हिरवा होता. मला तो मनापासून आवडला, आणि आवडला म्हणून थोडी भीती वाटली.

त्यांनी मागवलेलं पार्सल व्हीपीने आलं, पोस्टमनला पैसे देऊन सोडवायचं. पोस्टमन त्यांच्या दारावर गेला तर कुलूप. त्याला माहीत होतं की सिस्टर रोज माझ्याकडे येतात.

"ताई, तुमी ठेवून घ्या ना. त्यांनी पैसे तुमच्याकडं देऊन ठेवलेत म्हने."

खरंच दिले होते. मी पार्सल घेतलं आणि काउंटरखाली ठेवलं. संध्याकाळी सिस्टर आल्या, तिथेच उभ्या राहून त्यांनी दोरी सोडली. आतल्या कागदावर सगळं इंग्रजीत होतं.

"हे काय लिहिलंय हो? तुम्हीच जरा सांगा."

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, पहिली ओळ भरूनही दाखवली.

वर्षभरात ते रोजचंच झालं. पुस्तिका या हातातून त्या हातात गेली. शाळेतल्या बाई, तहसील कचेरीतल्या दोघी, शेतकऱ्याघरच्या सुना. काहींना पार्सल घरी नकोच असायचं, सासू विचारेल म्हणून. "तुमच्या दुकानातून आणलं असं सांगते हां मी," एक जण म्हणाली होती, आणि मी मान हलवली. नाही म्हटलं असतं तर ती दुकानात येणंच बंद झाली असती, आणि आली की निदान एखादी सुई तरी घ्यायची. काउंटरखाली माझे पाय पसरायला जागा होती ती पार्सलांनी भरली. मी पाय आखडून बसायला शिकले.

मामांना हे दिसत होतं. मग एकदा त्यांनी माझ्याच नावावर एक डबा मागवला. आला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो काउंटरवर मांडला. एकेक धागा उजेडात धरला, कापड चुरगळून पाहिलं.

"माल आपल्यासारखाच हाय," ते म्हणाले. "खोका चांगला हाय फक्त. आपन पन करू."

त्या पावसाळ्यात आम्ही किट केली. मी कापडावर चित्र छापायचे, धागे मोजून कापायचे, कसं भरायचं ते मराठीत लिहून काढायचे. मामा त्याच्या झेरॉक्स काढून आणायचे आणि सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मेणबत्तीवर तिचं तोंड चिकटवायचे. माझे मिस्टर कल्याणला कंपनीत होते, रविवारी तेही हात लावायचे. बाहेर धो धो चाललेलं आणि आम्ही तिघं जमिनीवर धाग्यांच्या ढिगात. त्या घरात मला मोकळं वाटलेले दिवस मी शोधायला बसते तेव्हा हे सापडतात. मामा पिशव्या खांद्यावर टाकून खर्डीला, कसाऱ्याला, मुरबाडच्या बाजाराला जायचे. विकल्याही बऱ्यापैकी.

मग दिल्लीवाल्यांनी डब्याबरोबर भेटवस्तू द्यायला सुरुवात केली. कधी स्टीलची वाटी, कधी भिंतीवरचं छोटं घड्याळ. आमच्याकडून घेतलेली किट परत करायला एक बाई आल्या, पिशवीही फोडलेली नव्हती. म्हणाल्या, "राग मानू नका, तिकडे घड्याळ मिळतंय." मामांनी पिशवी परत घेतली आणि बाईंना पाणी दिलं. उरलेल्या पिशव्या माळ्यावर गेल्या.

त्याच सुमाराला माझा भाऊ मुरबाडहून आला. मी शिकले त्या शाळेत हस्तकलेच्या बाई लांब रजेवर जाणार होत्या, पुढे निवृत्तच होणार होत्या. मुख्याध्यापिकांनी माझं नाव काढलं होतं. आधी तात्पुरती, मग बघू, असं.

मी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मामांना विचार."

संध्याकाळी मामा काउंटरजवळ उभे असताना मी विचारलं. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. सकाळी दुकान उघडून जाईन, आल्यावर परत बसेन, शनिवारी अर्धा दिवस.

मामांनी ऐकून घेतलं. "जा की," म्हणाले. "मी बसतो दुकानात. शिकलीस त्यासाठीच ना."

इतक्या सहज. मला रडूच आलं. त्यांना ते बघवेना म्हणून ते पाणी प्यायला आत गेले.

मी शाळेत जायला लागले. किन्हवलीवरून जाणारी एसटी, खिडकीची जागा, भाताची खाचरं. वर्गात मुली कागदाची फुलं करत होत्या आणि मी टेबलांमधून चालत होते. नुसतं चालणं. इकडून तिकडे जायचं आणि कुणी विचारत नव्हतं की इथे कोण उभं राहील. घरी आले की मामा दिवसभराचं सांगायचे. "त्या बाईला कंचा तो लाल पायजे हुता, मला नाय समजला. डाळिंबी म्हनं. समदे लालच की." आम्ही हसायचो.

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात असताना शिपाई बोलवायला आला, ऑफिसात फोन आला होता म्हणून. मामा दुकानात पडले होते. लडी काढायला स्टुलावर चढताना पडले असं आधी सगळ्यांना वाटलं. डॉक्टर म्हणाले, पडले म्हणून झटका आलेला नाही, झटका आला म्हणून पडले. उजवी बाजू गेली होती.

मी शाळेत परत गेले नाही. जाऊ नकोस असं कुणी म्हटलं नाही. पण सासूबाई लग्नाच्या आधीच गेलेल्या, मिस्टर पहाटे निघायचे ते दिवे लागल्यावर यायचे, आणि मामांना कूस बदलून द्यायलाही माणूस लागायचा. मुख्याध्यापिकांनी दुसरी मुलगी घेतली. तिने पुढे तिथेच नोकरी केली.

मामांची खाट मधल्या खोलीत टाकली. तिथल्या खिडकीतून त्यांना काउंटरची मागची बाजू आणि माझी पाठ दिसायची. मी फळी खाली टाकली की पुढे दुकान आणि मागे मामा. त्यांचं बोलणं तोंडातल्या तोंडात राहायचं, पण कान चांगले होते. बाहेर बायकांचे आवाज आले की त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. दिवसभर कुणी आलं नाही की जेवायचे नाहीत, चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायचे.

आता दुकानात आवाज व्हायचे ते बहुतेक पार्सलांमुळेच. व्हीपी घ्यायला बायका यायच्या, तिथेच उघडायच्या, एकमेकींची बघायच्या, मला विचारायच्या. विक्री जवळजवळ नव्हतीच. दुकान बंद करावं असं मला रोज वाटायचं, आणि बंद केलं तर घरात जो शुकशुकाट होईल त्यात मामांचं काय होईल हेही रोज वाटायचं. पार्सलं घ्यायची नाहीत असं ठरवलं तरी तेच. ज्या पार्सलांनी दुकान खाल्लं, त्यांच्याच गोंगाटावर मामा दोन घास जेवत होते. मी पोस्टमनला चहा द्यायला लागले, तो यायचा चुकू नये म्हणून.

एका दुपारी दोघीतिघी हसत-बोलत पार्सल घेऊन गेल्या. मी मामांना पाणी पाजायला आत आले.

"बरंच गिऱ्हाईक होतं आज," मी म्हटलं.

मामांनी डावा हात वर केला. बोलायला त्यांना फार वेळ लागायचा, मी थांबले.

"पार्सलं," ते म्हणाले.

मी पाण्याची वाटी खाली ठेवली.

"म्हाईत हाय मला. पयल्यापासनं." मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तरी उघडं ठेव. बंद दुकानाच्या मागं… नाय पडून ऱ्हायचं मला."

"नाही करत बंद," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांचं तोंड पुसलं आणि फळी उचलून परत पुढे आले.

त्यानंतर मामा बरीच वर्षं राहिले. म्हणजे खरंच बरीच. सुरुवातीला मी मनात काही हिशेब मांडले असतील तर ते केव्हाच चुकले होते. त्यांची सेवा करताना मला त्यांचा राग कधी आला नाही. राग यायचा तो कशाचा हे मला कळायचं नाही. कधीकधी दुपारी रस्त्यावर कुणी नसताना मी लोकरीचा गुंडा सोडायचे आणि परत गुंडाळायचे, उगीचच.

मामा गेले तेव्हा दुकान तेरावा दिवस नाही, काही नाही, आमच्या बौद्ध पद्धतीचा जलदानविधी झाल्यावर लगेच उघडलं. विहारातल्या बायकाच म्हणाल्या, "त्यांच्या हातचं आहे, बंद ठेवू नको." मी उघडलं. मनात होतं की वर्षभरात हळूहळू माल काढून टाकू आणि मग मोकळी होऊ. वर्ष पुरं व्हायच्या आतच मिस्टरांची कंपनी बंद पडली. मिळालेले पैसे बँकेत ठेवून ते घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळी उचलून माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसले. त्या वयात त्यांना कुठे काम मिळणार होतं? आता दुकान लागणारच होतं.

त्यांनी मोबाइलचं रिचार्ज ठेवलं, ते चाललं. माझी बाजू मात्र आणखी आटत गेली. टीव्हीवर सामान विकणं दोन हजार सालानंतर सुरू झालंच होतं. मग स्टँडजवळ इंटरनेटचं कॅफे निघालं. सिस्टरांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. एकदा ती कागदावर छापून आणलेलं चित्र घेऊन आली आणि माझे धाग्यांचे डबे मागितले. सगळे रंग चित्राशी लावून पाहिले, प्रत्येकाचा नंबर मोबाइलमध्ये टिपून घेतला.

"किती लड्या देऊ?" मी विचारलं.

"नको मावशी, फक्त नंबर बघायचे होते. कॉम्प्युटरवर मागवणार आहे मी. तिकडे रंग नीट दिसत नाहीत ना, म्हणून."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. लहानपणी ती त्याच चटईवर बसून माझ्याकडे गाठीचा टाका शिकली होती. ती गेल्यावर मिस्टर म्हणाले, "तू डबे दाखवलेसच कशाला?" मी लड्या परत नंबराप्रमाणे लावत बसले.

मग एक दिवस कुरियर कंपनीचा माणूस आला. शहापूर आणि आसपासच्या गावांसाठी त्यांना पार्सलं ठेवायला, लोकांना द्यायला जागा हवी होती. त्याने रस्त्यात चौकशी केली तेव्हा दोघातिघांनी आमचंच नाव सांगितलं. "इथली बाई ठेवते," असं म्हणाले म्हणे. दर महिन्याला ठरलेले पैसे मिळणार होते. मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. कंपनी बंद झाल्यानंतर इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या तोंडावर थोडी तरतरी दिसत होती.

"करूया," मी म्हटलं.

लोकर माळ्यावर गेली. धाग्यांचे डबे एका कपाटात मावले. रॅकवर खाकी खोकी आली, आणि बोर्ड रंगवणाऱ्याने जुनी अक्षरं पुसून नवी लिहिली. सकाळी गाडी यायची, संध्याकाळी परत जायची, आणि सह्या घ्यायला मधल्या वेळेत मी तिथेच. आता कुणी कसं भरायचं ते विचारत नव्हतं. खोक्यात काय आहे तेही मला कळत नव्हतं. लोक नाव सांगायचे, मी खोकं द्यायचे.

मी मिस्टरांना म्हटलं, मला आठवड्यातून एक दिवस सुटी हवी. ते लगेच म्हणाले, "घे की. गुरुवार घे, गुरुवारी काम कमी असतं." तेही इतक्या सहज, की मला वाटलं, आधी का नाही मागितली?

पहिल्या गुरुवारी मी मुरबाडला भावाकडे गेले. वहिनीने आंबोळ्या केल्या होत्या. जेवून झाल्यावर ती म्हणाली, "झोपा जरा. नायतर काही विणायला आणलंय का? पूर्वी तुमच्या हातात सारखं असायचं."

"नाही आणलं," मी म्हटलं.

"मग आता काय करणार दुपारभर?"

शाळेकडे चक्कर मारावी असं मनात आलं, पण तिथे मला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. मी थोडा वेळ पडले, झोप आली नाही. वहिनीबरोबर तांदूळ निवडले. तीन वाजले तशी माझी चुळबुळ सुरू झाली. संध्याकाळच्या गाडीला परत जाणारी खोकी वेगळी काढायची असतात, मिस्टर त्यात गोंधळ घालतात, असं मी म्हणाले. ते खरंही होतं.

"राहा की रात्री," भाऊ म्हणाला.

"पुढच्या गुरुवारी," मी म्हटलं आणि स्टँडवर आले. शहापूरची गाडी लागलेली होती. मी चढले आणि खिडकीशी बसले.